विसरण्याला नाव देण्याआधी: डिमेन्शिया ओळखण्याचा क्रम

'साठी बुद्धी नाठी' म्हणत आपण दोन-तीन वर्षं काढतो. मग एके दिवशी बाबा बँकेतून परतताना रस्ता चुकतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण थेट एमआरआयच्या रांगेत उभे राहतो. रिपोर्टवर 'एज रिलेटेड ॲट्रॉफी' (वयामुळे मेंदूचा संकोच) असं काहीतरी छापलेलं असतं. ते वाचून घरातलं कोणीतरी 'अल्झायमर' म्हणतं आणि तेच नाव कायमचं चिकटतं. आधीची दिरंगाई चूक आणि नंतरची घाई त्याहून चूक, कारण मधल्या ज्या पायऱ्या गाळल्या त्यांतच बरं होण्यासारखी कारणं सापडतात.

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. स्मरण, भाषा, हिशेब, दिशेचं भान, समज-उमज यांतलं काही स्वतःच्या पूर्वीच्या पातळीपेक्षा घसरलं आणि त्यामुळे रोजची कामं अडू लागली, तर त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. तिच्यामागचे आजार वेगवेगळे असतात; अल्झायमर हा त्यांतला सर्वांत जास्त आढळणारा. भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख जणांना ती असल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं. उरलेल्या नव्वदहून अधिक टक्क्यांचं काय, हेही लक्षात असू द्या. म्हातारपण म्हणजे डिमेन्शिया नव्हे.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## टप्पा १: आधी वेग पाहा

पहिला प्रश्न 'काय विसरतात?' हा नसून 'हे कधीपासून?' हा आहे.

तासांत किंवा एक-दोन दिवसांत. परवापर्यंत पेपर वाचणाऱ्या आजी आज दुपारी सुनेला ओळखत नाहीत, हवेत काहीतरी पकडायला जातात, अंगावरची चादर ओढत बसतात, मध्येच तासभर अगदी नीट बोलतात आणि रात्री पुन्हा बिथरतात. किंवा याच्या उलट, नुसत्या गुंगीत पडून राहतात. हा डिमेन्शिया नाही, डेलिरियम म्हणजे अचानक आलेला भ्रम आहे. मेंदूच्या बाहेर कुठेतरी बिघडलेलं असतं: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, तुंबलेली लघवी, आठवडाभराचं बद्धकोष्ठ, कमी झालेलं सोडियम, नुकतंच झालेलं खुब्याचं ऑपरेशन, नवीन सुरू केलेली गोळी, एकदम बंद केलेली दारू. वयस्कर माणसाला संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही, म्हणून 'ताप नाही ना, मग बघू उद्या' हे चालत नाही.

सोडियमचं वेगळं सांगायला हवं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध असतं. त्यातच घरात मीठ जवळजवळ बंद केलेलं असतं आणि दोन दिवस जुलाब होतात. एवढ्यावर सोडियम इतकं उतरू शकतं की माणूस असंबद्ध बोलू लागतो.

*तपासून पाहा:* आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, शनिवार, शुक्रवार असे. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये बहुतेकांना हे जमतं. डेलिरियममध्ये दोन वारांनंतर धागा सुटतो, कारण लक्षच टिकत नाही.

> इशारा: अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठा. तोंड वाकडं होणं, एक हात गळणं, जीभ जड होणं यांतलं काहीही असेल तर तो पक्षाघात समजा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आठवड्यांत किंवा काही महिन्यांत. महिन्याभरापूर्वी न्हाणीघरात घसरून डोकं आपटलं होतं का, हे मुद्दाम विचारा. तेव्हा टेंगूळही आलेलं नसेल आणि म्हणून सगळे विसरले असतील. कवटीच्या आत मेंदूवर हळूहळू रक्त साचत जातं आणि माणूस मंदावतो, झोपाळू होतो, पाय ओढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका अधिक. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे दिसतं आणि रक्त काढून टाकता येतं. पडल्याचा काही इतिहास नसताना दोन-तीन महिन्यांत भराभर घसरण झाली, अंगाला झटके येत असतील, तर थेट न्यूरोलॉजिस्टकडे जा. यातली काही कारणं वेळेत गाठली तर उपचारांना दाद देतात.

वर्षांत. मग पुढच्या टप्प्याकडे.

## टप्पा २: दोन आठवडे वही लिहा

डॉक्टरांसमोर मुलगा म्हणतो 'फार विसरतात', मुलगी म्हणते 'तसं काही नाही, दादाला वाटतं', आणि बाबा स्वतः झकास हसून राजकारणावर बोलतात. दहा मिनिटांत डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. त्यांना तुमचं मत नको असतं, घडलेले प्रसंग हवे असतात. म्हणून नोंद अशी असावी:

> मंगळवार, दुपारी ४. चहाचं आधण ठेवलं, साखर दोनदा टाकली, पूड टाकलीच नाही. 'झाला चहा' म्हणून गाळायला घेतला. गॅस चालूच.
> गुरुवार. 'शरद कधी येणार?' हे अर्ध्या तासात पाच वेळा. दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखं.
> शुक्रवार. भाजीवाल्याला पन्नासऐवजी पाचशे दिले. परत दिले तेव्हा त्याच्यावरच चिडली.

प्रत्येक नोंदीत वार, वेळ, नेमकं काय झालं, आणि आठवण करून दिल्यावर काय झालं हे चार तपशील हवेत. चौथा सर्वांत मोलाचा आणि नेमका तोच गाळला जातो. वाढत्या वयाच्या साध्या विसरण्यात खूण दिली की आठवतं: 'अगं, त्या नाशिकच्या लग्नात भेटली ती', 'हां हां, मंदा!' अल्झायमरमध्ये खूण देऊनही काही उमटत नाही, कारण ते मुळात साठवलंच गेलेलं नसतं.

वहीच्या शेवटी एक वेगळं पान ठेवा: पूर्वी स्वतः करत असलेली आणि आता सोडलेली किंवा दुसऱ्याने करावी लागणारी कामं. वीजबिल, पुरणाचा अंदाज, मोबाइलवरून फोन लावणं, भिशीचा हिशेब, एकटीने एसटीने जाणं. काम कधी सुटलं, त्याचं साल किंवा सण लिहा. 'गेल्या गौरी-गणपतीत पहिल्यांदा नैवेद्याचं चुकलं' एवढी नोंदसुद्धा कामाची असते.

नेहमीच्या चुका: त्यांच्यासमोर लिहिणं. 'सांग बघू, आज कुठला वार?' अशी दिवसभर परीक्षा घेणं. आणि फक्त विसरण्याकडेच पाहणं. स्वभाव, झोप, चाल, लघवी आणि भास यांच्याही नोंदी ठेवा. प्रकार ओळखताना पुढे त्याच लागतात.

## टप्पा ३: औषधांची पिशवी, कान, डोळे, मन

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. डॉक्टरांनी दिलेली, मेडिकलवाल्याकडून आणलेली, शेजारणीने दिलेली, आयुर्वेदिक चूर्णं, सगळी. मेंदूवर मांद्य आणणारी औषधं आपल्याकडे घरोघर सापडतात: वर्षानुवर्षं चालू असलेली झोपेची गोळी (अल्प्राझोलाम आणि तिची भावंडं), सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामीन, वारंवार होणाऱ्या लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी किंवा मुंग्यांसाठी ॲमिट्रिप्टिलीन, कंपासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर बी-१२ घटू शकतं. शाकाहारी घरात ते आधीच कमी असण्याची शक्यता असते.

> इशारा: झोपेची गोळी आपल्या मनाने एका रात्रीत बंद करू नका. फिट येऊ शकते. ती हळूहळू उतरवावी लागते आणि ते काम डॉक्टरांचं.

> इशारा: 'अशक्तपणा आहे' म्हणून बी-१२चं इंजेक्शन तपासणीआधी टोचून घेऊ नका. मग रक्तातला आकडा भरपूर दिसतो आणि मूळ कमतरता कधी कळतच नाही.

मग कान आणि डोळे. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कुठून राहणार? कानातला मळ काढणं आणि मोतीबिंदू तपासणं ही कामं मेंदूच्या तपासणीआधी उरकलेली बरी.

मन वेगळं पाहावं लागतं. नैराश्यातला माणूस स्वतःच तक्रार करतो, 'मला काही म्हणजे काही आठवत नाही', आणि विचारलं की प्रयत्न न करताच 'माहीत नाही' म्हणतो. झोप-भूक गेलेली असते, सुरुवात एखाद्या मृत्यूनंतर किंवा निवृत्तीनंतर झालेली असते. अल्झायमरमध्ये बऱ्याचदा उलट दिसतं: तक्रार घरचे करतात आणि ती व्यक्ती 'मला काय धाड भरलीय?' म्हणते. हा फरक काही काटेकोर नाही. नैराश्य हेच पुढच्या डिमेन्शियाचं पहिलं लक्षण असल्याचंही आढळतं. म्हणून नैराश्यावर उपचार करायचे आणि सहा महिन्यांनी स्मरण पुन्हा तपासायचं.

## टप्पा ४: डॉक्टरांकडे, रक्त आधी आणि स्कॅन नंतर

आधी नेहमीचे फॅमिली डॉक्टर, मग न्यूरोलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ किंवा जेरियाट्रिक (वृद्धांच्या आजारांचा) विभाग. गावाकडे असाल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून सुरुवात करता येते. 'मी काय वेडा आहे?' म्हणून बाबा अडून बसले तर वाद घालू नका. 'बीपी-शुगर दाखवून येऊ' एवढं पुरतं, आणि ते खोटंही नसतं, कारण बीपी-शुगर पाहायचंच असतं.

रक्ताच्या तपासण्या साधारण अशा: हिमोग्राम, बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, साखर, मूत्रपिंड आणि यकृत. गरजेनुसार एचआयव्ही आणि व्हीडीआरएल (सिफिलिससाठी). थायरॉइड मंदावलेलं असेल किंवा बी-१२ तळाला गेलं असेल, तर आधी ते दुरुस्त करायचं.

स्मरणाची चाचणी देताना चष्मा आणि श्रवणयंत्र लावलेलं असू द्या. चाचणी मराठीत मागा. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या, चौथी शिकलेल्या आजींना हिंदीतून प्रश्न विचारून आलेले गुण काही सांगत नाहीत. शिक्षण किती झालं हे आधीच सांगा. निवृत्त मुख्याध्यापकांना तीसपैकी सत्तावीस मिळूनही घसरण झालेली असू शकते आणि कधी पेन्सिल न धरलेल्या बाईला घड्याळ काढता आलं नाही तरी ती ठणठणीत असू शकते.

एमआरआय किंवा सीटी शेवटी. गाठ, साचलेलं रक्त, जुने पक्षाघात, पाण्याने फुगलेल्या पोकळ्या हे त्यात कळतं. पण सत्तरीच्या मेंदूत थोडा संकोच आणि बारीक पांढरे ठिपके अगदी धडधाकट माणसातही दिसतात. नुसत्या स्कॅनवरून डिमेन्शिया ठरत नाही.

*तपासून पाहा:* चाल पाय जमिनीला चिकटल्यासारखी, लघवीवर ताबा कमी, आणि विचार संथ, हे तिन्ही एकत्र असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मेंदूतल्या पाण्याचा निचरा बिघडल्याची ही त्रयी आहे आणि निवडक रुग्णांत नळी बसवून फरक पडतो, विशेषतः चालण्यात.

## टप्पा ५: पहिलं काय बिघडलं, यावरून प्रकार

उशिराच्या अवस्थेत सगळे प्रकार एकसारखे दिसू लागतात. म्हणून आजचं चित्र बाजूला ठेवून वहीच्या शेवटचं, कामं कधी सुटली ते पान काढा.

ताजं स्मरण आधी गेलं: अल्झायमर. डिमेन्शियाच्या साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांत हाच असतो. सकाळी कोण आलं होतं हे पुसलं जातं, पण १९७२च्या दुष्काळात कुठल्या विहिरीवर जायचो हे तपशिलासकट येतं. त्यामुळेच घरचे फसतात: 'एवढं जुनं आठवतंय, म्हणजे डोकं शाबूत आहे!' मग शब्द अडतात ('ते... पोळ्या लाटायचं'), ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होतो, तारखा सुटतात. मेंदूत ॲमिलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात आणि नवीन आठवणी बनवणारा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर झिजतो. घसरण संथ आणि सलग.

विचाराचा वेग आणि आखणी आधी गेली: रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया. वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह, सिगारेट-तंबाखू, अनियमित ठोके. मोठा पक्षाघात झाला तर घसरण पायरी-पायरीने होते: एक झटका, एक पायरी खाली, मग काही महिने तसंच. पण बारीक वाहिन्या बंद होत जाणाऱ्यांमध्ये पायऱ्या दिसतच नाहीत, फक्त मंदपणा वाढतो, चाल बिघडते, मध्येच रडू कोसळतं. स्मरण तुलनेने टिकतं, खूण दिली की आठवतं. पुढचा झटका रक्तदाब सांभाळून टाळता येतो, म्हणून हा प्रकार ओळखणं फार उपयोगाचं.

भास, चढउतार आणि ताठरपणा आधी आले: लुई बॉडी डिमेन्शिया. आपल्याकडे हा सर्रास चुकतो. 'कोपऱ्यात दोन लहान मुलं बसलीत' असं आजोबा शांतपणे सांगतात, मुलांच्या कपड्यांचा रंगही सांगतात. सकाळी स्वच्छ, दुपारी हरवलेले. चाल आखडते, तोल जातो. आजीला विचारा, 'झोपेत लाथा मारतात का, ओरडतात का?' उत्तर बऱ्याचदा 'ते तर दहा वर्षांपासून' असं येतं. ही वर्षानुवर्षांची खूण डॉक्टरांना कोणी सांगत नाही, कारण झोपेतल्या लाथांचा विसरण्याशी संबंध असेल असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. कंप-ताठरपणा आधी येऊन वर्षाहून अधिक काळाने विसरणं सुरू झालं असेल, तर त्याला पार्किन्सन्सचा डिमेन्शिया म्हणतात.

> इशारा: भास होतात म्हणून घरात मांत्रिक येतो किंवा कोणीतरी हॅलोपेरिडॉल (भासांवरचं औषध) देतं. लुई बॉडीच्या रुग्णाला अशा औषधांनी अंग लाकडासारखं ताठ होऊन जिवावर बेतू शकतं. संशय असेल तर फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

स्वभाव किंवा भाषा आधी गेली: फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. बहुधा ४५ ते ६५ या वयात. सौम्य माणूस लग्नात परक्या बाईला अचकट-विचकट बोलतो, सासूच्या मयताला हसतो, श्रीखंडाचा डबा एका बैठकीत संपवतो, ऑनलाइन वाट्टेल ते मागवतो. स्मरण ठीक असतं, म्हणून कोणाला मेंदूचा आजार सुचतच नाही. घरात भांडणं, नोकरीत मेमो, मग 'बाईचं लफडं असणार' इथवर गोष्ट जाते. काहींमध्ये स्वभाव तसाच राहतो आणि फक्त शब्दांचे अर्थ जातात: 'विळी? विळी म्हणजे काय?'

ऐंशीच्या आसपास अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा, असे दोन्ही एकत्र असणं अगदी नेहमीचं. एकच नाव मिळालं नाही म्हणून डॉक्टर बदलत फिरू नका.

## टप्पा ६: कारण शोधताना काय मागे टाकावं

'आईला होतं, म्हणजे मलाही होणार' या भीतीपायी जनुकांच्या महागड्या चाचण्या करू नका. थेट वारशाने येणारा अल्झायमर अगदी दुर्मीळ आणि बहुधा साठीच्या आत दिसणारा. घरात तसा नमुना असेल तरच तज्ज्ञांशी बोला.

जे हातात आहे ते पाहा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४च्या अहवालात टाळता येण्याजोगे १४ धोके दिले आहेत: अपुरं शिक्षण, बहिरेपण, वाढलेलं एलडीएल कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याचा मार, बैठी सवय, तंबाखूचा धूर, मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, अति दारू, एकटेपणा, हवेचं प्रदूषण आणि दृष्टिदोष. त्यांच्या हिशेबाने जगभरातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया या धोक्यांशी जोडता येतात. घरच्या इतरांसाठी रक्तदाब, कान आणि स्कूटरवरचं हेल्मेट इथून सुरुवात करा. ब्राह्मी-शंखपुष्पी द्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून द्या, आणि तिच्यापायी वरच्या तपासण्या पुढे ढकलू नका.

## टप्पा ७: नाव कळल्यावर पहिले तीन महिने

कागद आधी. मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं, असा मोठा गैरसमज आहे. भारतीय कायद्यात, देणाऱ्याची समज गेली की साधं मुखत्यारपत्र संपतं. मग उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. म्हणून समज आहे तोवर बँक खातं संयुक्त करा, नॉमिनी तपासा आणि मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमोर करा. सोबत डॉक्टरांचा त्या दिवशीचा समज असल्याचा दाखला जोडा. हक्कसोडपत्रावर किंवा सातबाऱ्याच्या कामासाठी घाईघाईने अंगठा घेणं टाळा. भावकीत त्यावरूनच दावे उभे राहतात.

घर. रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री मंद दिवा. बाहेर पडण्याची सवय असेल तर फोन नंबर कोरलेलं कडं. गाडीची किल्ली वेळेत काढून घ्या. हे सगळ्यांत अवघड जातं, तेव्हा डॉक्टरांच्या तोंडून सांगवा.

गोळ्या. अल्झायमरमध्ये डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मीन, मेमँटिन देतात. काहींना थोडं सावरायला मदत होते. गेलेलं परत येत नाही. डोनेपेझिलने नाडी मंदावू शकते, म्हणून आधी ईसीजी काढलेला बरा. मळमळ, वजन घटणं, चक्कर यांची नोंद वहीत चालू ठेवा आणि तीन ते सहा महिन्यांनी 'याचा उपयोग होतोय का?' असं स्पष्ट विचारा.

बोलणं. 'आत्ताच सांगितलं ना!' हे वाक्य घरातून हद्दपार करा. पाचव्यांदा विचारलं तरी पहिल्यांदाचंच उत्तर, तेवढंच छोटं. 'माझ्या पाटल्या चोरल्या' म्हणाली तर पुरावे मांडू नका, शोधायला लागा. बहुधा त्या डाळीच्या डब्यात निघतात.

बदली माणूस. एकाच सुनेवर किंवा मुलीवर सगळं टाकू नका. आठवड्यातले वार भावंडांत वाटून कागदावर लिहा. परदेशातला भाऊ रविवारी तासभर व्हिडिओवर गप्पा मारून आईला गुंतवू शकतो, बिलं भरू शकतो. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. सांभाळणाऱ्याचंच मन खचलं तर टेली-मानस १४४१६ वर फोन करता येतो, मराठीतही.